जाड रंगातलं निसर्गचित्र: या चुका टाळा

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या बहुतेकांना पहिल्याच दिवशी पॅलेट नाइफ, म्हणजे रंग थापायची बोथट सुरी, हवा असतो. मोबाईलवर कुणीतरी अर्ध्या मिनिटात डोंगर उभा केलेला त्यांनी पाहिलेला असतो. तो डोंगर वाळायला किती महिने गेले, हे त्यात दिसत नाही. जाड तैलरंगात घाई चालत नाही.

सगळ्यात जास्त नुकसान करते ती भिंतीची पुट्टी. रंगाच्या ट्यूब महाग पडतात हे मला मान्य आहे. म्हणून लोक पुट्टी सुतारी गोंदात कालवून कॅनव्हासवर डोंगर उठवतात आणि वरून रंग फिरवतात. माझ्या एका विद्यार्थिनीने असाच हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा केला होता, तीन फूट बाय चार फूट. रचना सुंदर होती. उन्हाळ्यात चित्र दिवाणखान्यात लागलं. गणपतीत मखरासाठी भिंत मोकळी करताना चित्राची मागची बाजू सोफ्याच्या कोपऱ्यावर टेकली आणि कड्याचा तळहाताएवढा तुकडा रंगासकट खाली आला. सगळे तुकडे स्टीलच्या डब्यात भरून ती माझ्याकडे आली. "सर, चिकटवता येतील का?" आम्ही दोन दिवस बसलो. एक तुकडा बसवला की शेजारचा सुटायचा. तिची चार महिन्यांची मेहनत होती ती, मला फार वाईट वाटलं.

कारण साधं आहे. कॅनव्हास दमट हवेत सैल पडतो, कोरड्या हवेत ताणला जातो. पुट्टी ताठ, तिला वाकता येत नाही. शिवाय पांढऱ्या सिमेंटची पुट्टी क्षारधर्मी असते आणि क्षार तैलरंगातल्या जवसाच्या तेलाचा साबण करतो. नव्या गिलाव्यावर ऑइल पेंट का टिकत नाही, हे कुठल्याही जुन्या रंगाऱ्याला विचारा. उठाव हवाच असेल तर ॲक्रिलिक मॉडेलिंग पेस्ट घ्या, पातळ थरांत लावा, प्रत्येक थर पूर्ण वाळू द्या. मी स्वतः जाड कामासाठी कॅनव्हास वापरतच नाही. प्लायवूडला दोन्ही बाजूंनी जेसो, म्हणजे रंगाखालचं पांढरं अस्तर, मारतो आणि त्यावर रंगवतो. त्या विद्यार्थिनीने तोच कडा पुन्हा प्लायवर केला, फक्त रंगात. तो अजून जागेवर आहे.

दुसरी चूक मला जास्त खुपते, कारण ती बघण्यातली चूक आहे. आकाश जाड, दूरची रांग जाड, पायाशी असलेलं गवतही तितकंच जाड. मग दूरचा डोंगर पुढे येऊन नाकाला भिडतो. जाड रंगावर प्रत्यक्ष उजेड पडतो, त्याची स्वतःची सावली पडते, म्हणून नजर आधी तिथेच जाते. दूरचं पातळ ठेवा. मी आकाश आणि मागची रांग ब्रशने जवळजवळ सपाट घेतो, सावल्याही पातळ ठेवतो. नाइफ बाहेर काढतो तो पुढच्या कातळासाठी आणि उन्हाच्या जागांसाठी.

फटकाऱ्याची दिशाही तितकीच महत्त्वाची. सह्याद्री लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालाय, त्याच्या कड्यांवर आडव्या पट्ट्या स्पष्ट दिसतात. तिथे नाइफ आडवा ओढा. पावसाळ्यातले धबधबे आणि घळी उभ्या. गवताला खालून वर. सगळीकडे एकाच तिरक्या दिशेने थापलेला रंग डोंगर होत नाही, तो केकवरचं आयसिंग होतो. आणि एकदा ठेवलेला फटकारा पुन्हा चोळू नका. हिरव्याचा चिखल तिथेच होतो. प्रत्येक फटकाऱ्यानंतर मी नाइफ पुसतो. विद्यार्थी कंटाळतात, पण स्वच्छ रंग हवा असेल तर दुसरा रस्ता मला सापडलेला नाही.

खाली तेलकट थर आणि वर टर्पेंटाइनने पातळ केलेला थर असं कधीच करू नका. वरचा आधी वाळतो, खालचा नंतर हलत राहतो आणि भेगा पडतात. पहिला थर टर्पेंटाइनमध्ये, तेल पुढच्या थरांत.

हेअर ड्रायर नको. तैलरंग पाणी उडून वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतो. गरम हवेने फक्त वर साय धरते आणि मग ती सुरकुतते.

झिंक व्हाइट जाड थरात ठिसूळ होतो. टिटॅनियम वापरा.

तैलरंगावर ॲक्रिलिक नको. ॲक्रिलिकवर तैलरंग चालतो.

वॉर्निशची घाई हा रोजचा वाद. "सर, बोटाला रंग लागत नाही आता." बोटाला लागत नाही म्हणजे वरची कातडी वाळलीय, आतला रंग ओलाच आहे. साध्या थराला मी सहा महिने थांबतो, जाड कामाला वर्ष. तोवर चित्र उजेडात, हवेशीर जागी उभं ठेवा. कपाटामागे अंधारात तेल पिवळं पडतं. चित्रं एकमेकांवर रचूही नका. व्हॅन गॉगच्या काही चित्रांतले जाड फटकारे ओले असताना दाबले गेले, ते आजही चपटे दिसतात.

आणि तेलाच्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं, बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. मी त्या चिंध्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाणी भरून बुडवतो, मगच स्टुडिओला कुलूप लावतो.