थंड पाण्यात ऑक्टोपस फ्री-फ्लो व्हायचा, त्यावर मी काय केलं

इंग्लंडमधे लेस्टरशायरला स्टोनी कोव्ह म्हणून पाणी भरलेली जुनी दगडाची खाण आहे, आम्ही हिवाळ्यात तिथेच स्कूबा डाइव्ह करतो. पाणी पार ५-६ अंशांवर येतं. माझा मेन रेग्युलेटर (टाकीतली हवा श्वासाला देणारं यंत्र) मस्त चालायचा पण ऑक्टोपस, म्हणजे अडचणीतल्या जोडीदाराला द्यायचा जादा माउथपीस, खाली गेल्यावर मधेच भसाभसा हवा सोडायचा (हाच फ्री-फ्लो), आणि एकदा सुटला की थांबायचं नाव नाही, गेजचा काटा डोळ्यांदेखत खाली. होतं काय, टाकीतली दाबाची हवा फर्स्ट स्टेजमधे, म्हणजे टाकीवर बसणाऱ्या दाब कमी करणाऱ्या भागात, एकदम प्रसरण पावते, गार होते, मग बर्फ धरतो आणि व्हॉल्व्ह उघडाच राहतो.

दुकानदार म्हणाला, बॅकअपच तर आहे, स्वस्तातला घ्या. अजिबात पटलं नाही! बॅकअप लागतो तेव्हाच तर एका फर्स्ट स्टेजवर दोघं घाबरून धापा टाकत असतात, म्हणजे गारठा अजून जास्त. घेताना शिक्का बघा, १० अंशांच्या वरचं पाणी असं लिहिलेलं असेल तर परत ठेवा. ईएन २५०ए (रेग्युलेटरचं युरोपियन मानक) असेल तर ऑक्टोपस म्हणून टेस्ट झालेला असतो.

मी शेवटी बॅकअपला वेगळा सील्ड डायफ्रॅम (आत पाणी न शिरणारा) फर्स्ट स्टेजच घेतला, टाकीला एच-व्हॉल्व्ह, म्हणजे दोन तोंडांचा, दोन नॉबचा व्हॉल्व्ह. एक सुटला की त्याचा नॉब बंद, दुसऱ्यावर श्वास. सेकंड स्टेज (तोंडात धरायचा भाग) मेटलचा, सर्व्हिसवाल्याकडून जरा कडक करून घेतलाय, व्हेंचुरी लिव्हर (हवा सहज सुटू नये म्हणून असलेला खटका) मायनसवर. काठावर उगाच पर्ज (हवा सोडायचं बटण) दाबत बसू नका, आणि जाड ग्लोव्हज घालून तो नॉब हाताला लागतो का ते आधी उथळात बघा, मला टाकी जरा वर बांधावी लागली.