लहान मुलांना झाडापानांवरून चित्रं शिकवायची आहेत? माझा नागपुरातला अनुभव

मी चार ते आठ वर्षांच्या मुलांचे चित्रकलेचे क्लास घेते, घराच्या गच्चीवरच. सुरुवातीला मी फळ्यावर फूल काढून दाखवायची, मधे गोल, भोवती पाच पाकळ्या, देठाला दोन पानं, आणि अर्ध्या तासात सगळ्या कागदांवर तेच फूल, आई-बाबा खुश. पण गच्चीवर कुंडीत जास्वंद फुललेली होती आणि तिच्याकडे एकाही मुलाने पाहिलं नव्हतं, हे मला फार लागलं. तेव्हापासून फळ्यावर काढून दाखवणं बंद. आधी पान हातात, मग कागद.

नवीन असाल तर पोळ्यापासून सुरू करा असं मी सांगीन. आपल्याकडे पोळ्याला दाराशी पळसाच्या फांद्या लावतात, त्यातलीच एक मागून आणायची. 'पळसाला पाने तीनच' हे मुलांनी आजीकडून ऐकलेलं असतं, त्यांना म्हणायचं मोजून बघा बरं. मग शांत बसायचं. दोन वर्षांपूर्वी एक पाच वर्षांची पोरगी म्हणाली, मॅडम मधलं पान सरळ आहे, बाजूची दोन वाकडी आहेत. खरंच तसं असतं, मधलं दोन्हीकडून सारखं आणि बाजूची दोन एकीकडे फुगलेली, आणि मी इतकी वर्षं पळस काढत होते पण हे मला दिसलं नव्हतं! त्या दिवशी तिने काढलेली पानं रेषेला कच्ची होती पण पळसाचीच होती.

छाप काढायला पान उलटं ठेवा, शिरा वर आल्या पाहिजेत, वर पातळ कागद, जाड ड्रॉइंग शीट नको, आणि क्रेयॉनचं वेष्टन सोलून खडू आडवा फिरवायचा. लहान मुलांचा कागद सरकतो म्हणून कोपरे टेपने चिकटवा. पान ताजं हवं, वाळलेलं चुरा होतं. ठशांसाठी भेंडी घ्या, आडवी कापली की चांदणी तयार, फक्त सुरी तुमच्याच हातात.

पण मुलं खरी वेडी होतात ती रंगांनी. आपल्याकडे शाळा जूनच्या शेवटी उघडतात, तेव्हा सागाला कोवळी पानं असतात, ती बोटांत चुरगळली की बोटं लाल होतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळसाची फुलं गोळा करून पाण्यात उकळा, केशरी रंग मिळतो. आणि हळदीचं पाणी कागदावर फासून, वाळल्यावर खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवलेला ब्रश फिरवला की पिवळ्यावर लालसर रेघ उमटते, तेव्हा पोट्टे ओरडून राहतात नुसते. मग लिंबू पिळा, ती रेघ परत पिवळी. लिंबू आंबट, सोडा त्याच्या उलटा, एवढंच सांगते, त्याहून जास्त या वयात नको.

आता एक गोष्ट जपून. एकदा एका मुलाने रुईचं पान तोडलं, चीक बोटाला आणि तेच बोट डोळ्याला. लगेच खूप वेळ पाण्याने डोळा धुतला, डॉक्टरकडे नेलं, डोळा वाचला पण मी रात्रभर झोपले नाही. रुई, कण्हेर, धोतरा आणि गाजरगवत क्लासमध्ये आणायचंच नाही, मुलांना ओळखायला मात्र शिकवायचं. बाहेर नेलं, म्हणजे महाराजबाग किंवा सेमिनरी हिल्सला, तर खाली पडलेलंच उचलायचं, तोडायचं नाही. निघायच्या आधी तुम्ही एकटे जाऊन जागा बघून या.

पालकांचं विचाराल तर ते सुरुवातीला म्हणतात हे काय काढलं, नीट दिसत नाही. एलिमेंटरीच्या, म्हणजे सरकारी चित्रकला परीक्षेची घाई काहींना मूल सहा वर्षांचं असतानाच असते. त्यांना चित्र एकटं दाखवू नका, ते पानही सोबत द्या, आणि मुलालाच सांगू द्या की कुठली शीर कुठे जाते. मागच्या आठवड्यात एका बाबांनी तसं ऐकलं आणि मग स्वतःच संत्र्याचं पान उन्हात धरून त्यातले बारीक ठिपके पोराला दाखवत बसले, क्लास संपून वीस मिनिटं झाली तरी दोघं गच्चीवरच.