आवडत्या साइट्सवर नवीन काय आलं ते फीडने कसं बघायचं

आपल्या आवडीच्या पाच-पंचवीस साइट असतात, कोणी रोज लिहितं, कोणी महिन्या-दोन महिन्यांतून एकदा, आणि नवीन काही आलंय का बघायला आपण एकेक टॅब उघडत बसतो, नाहीतर सोशल मीडियावर कधीतरी लिंक दिसेल या भरवशावर राहतो. यात कमी पण चांगलं लिहिणारी माणसंच नेमकी हुकतात. त्यासाठी फीड वापरा. फीडचा आरएसएस नावाचा प्रकार १९९९ पासून आहे, त्याचा भाऊ अॅटम २००५ मध्ये स्टँडर्ड झाला, आणि दोन्ही अजून मस्त चालतात.

फीड म्हणजे साइटने ठेवलेली एक साधी फाइल, त्यात ताज्या पोस्टची नावं, तारखा, लिंका आणि कधी कधी पूर्ण मजकूर असतो. रीडर नावाचं अॅप ही फाइल अधूनमधून तपासतं आणि नवीन दिसलं की तुमच्या यादीत टाकतं. बस एवढंच. साइटला तुमचा ईमेल द्यावा लागत नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे काय दाखवायचं, काय लपवायचं हे कुठलाही अल्गोरिदम ठरवत नाही, जे आलं ते सगळं दिसतं.

आधी रीडर निवडा. फोन आणि कॉम्प्युटर दोन्हीकडे वाचत असाल तर फीडली, इनोरीडर, न्यूजब्लर यांपैकी एखाद्यावर खातं काढा, वाचलेलं-न वाचलेलं दोन्हीकडे सारखं राहतं. फुकट खात्यात किती फीड्स टाकता येतात याला मर्यादा असते पण सुरुवातीला ती आड येत नाही. खातं-बितं नकोच असेल तर अँड्रॉइडवर फीडर, अॅपलवाल्यांना नेटन्यूजवायर, आणि थंडरबर्डमध्ये मेल बघत असाल तर त्यातच फीडची सोय आहे. फक्त एक लक्षात ठेवा, कॉम्प्युटरवरचं अॅप ते चालू असेल तेव्हाच फीड आणतं. वर्डप्रेस, म्हणजे ब्लॉग-साइट बनवायचं सॉफ्टवेअर, त्याच्या फीडमध्ये सेटिंग बदललं नसेल तर शेवटच्या १० पोस्टच असतात, म्हणजे भरपूर लिहिणारी साइट असेल आणि तुम्ही दोन आठवडे अॅप उघडलंच नाही तर मधल्या पोस्ट कायमच्या निसटतात. सर्व्हरवर चालणाऱ्या, म्हणजे वरच्या खातं काढायच्या रीडरला हा त्रास नाही, म्हणून बऱ्याच जणांना मी तोच सांगेन.

आता खरी अडचण, फीडचा पत्ता सापडायचा कसा, कारण पूर्वी सगळीकडे दिसायचं ते केशरी चिन्ह आता क्वचितच दिसतं आणि फायरफॉक्सनेसुद्धा २०१८ मध्ये आपला फीड दाखवायचा भाग काढून टाकला. पण चिन्ह गेलं म्हणून फीड गेलं असं नाही. सगळ्यात आधी साइटचा नेहमीचा पत्ताच कॉपी करून रीडरच्या शोधात टाका, बहुतेक वेळा तो स्वतःच फीड हुडकून काढतो. नाही जमलं तर अंदाज लावा, वर्डप्रेस असेल तर पत्त्याच्या शेवटी स्लॅश देऊन इंग्रजीत फीड लिहा, सबस्टॅक या न्यूजलेटरच्या साइटलाही हेच चालतं, रेडिटच्या पानाला शेवटी डॉट आरएसएस लावायचं. तरीही नाही? मग ब्राउझरमध्ये पानावर राइट क्लिक करून पेज सोर्स, म्हणजे पानामागचा कोड उघडा, कंट्रोल आणि एफ दाबून इंग्रजीत आरएसएस शोधा, नाही सापडलं तर अॅटम शोधा. वरच्या भागात लिंक (link) टॅगमध्ये अल्टरनेट (alternate) असं लिहिलेली ओळ दिसली की तिच्यातल्या एचरेफपुढचा (href) पत्ता उचला, तेच फीड. तो सोर्स बघून घाबरू नका, आपल्याला त्यातली एकच ओळ हवी असते.

यूट्यूबचं बऱ्याच जणांना माहीतच नसतं! प्रत्येक चॅनलला फीड आहे, चॅनलच्या पानाचा पत्ता रीडरमध्ये टाकला की सहसा तेवढ्यावर काम होतं, लॉगिन न करता नवीन व्हिडिओ कळतात आणि शेजारी सुचवलेल्या व्हिडिओंचा मारा नसतो. पॉडकास्टही मुळात आरएसएसवरच चालतात.

काही फीड्समध्ये फक्त दोन ओळी येतात, तिथे साइटवाल्याने मुद्दामच तसं ठेवलेलं असतं, लिंकवर जाऊन वाचा, त्यांची मेहनत असते.

पहिल्या दिवशी पन्नास फीड्स भरू नका. हळूहळू लिहिणाऱ्यांपासून सुरू करा. दिवसाला ढीगभर बातम्या टाकणारी साइट यात घालाल तर बाकीचे सगळे तिच्याखाली गाडले जातात, तिच्यासाठी वेगळा फोल्डर करा किंवा फक्त हव्या त्या विभागाचं फीड घ्या, बऱ्याच साइट्स विभागवार देतात. न वाचलेल्यांचा आकडा फुगला तर खुशाल सगळं वाचलं म्हणून मार्क करा, ती काही उधारी नाही. आणि एखादं फीड सतत न वाचताच पुढे ढकलताय असं दिसलं तर काढून टाका.

शेवटचं काम, सेटिंगमध्ये एक्सपोर्ट शोधून ओपीएमएल फाइल उतरवून ठेवा, तुमची सगळी यादी तीत येते. गूगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद झाला तेव्हा लोकांनी हीच फाइल घेऊन दुसरीकडे संसार थाटला. नव्या रीडरमध्ये ती इम्पोर्ट केली की फोल्डरसकट सगळं जागच्या जागी येतं, आणि नवीन बऱ्याच साइट्स जोडल्या की फाइल पुन्हा एकदा उतरवा.