श्रीलंकेला जाताय? आधी अनुराधपूर, मग समुद्र

इंदूरहून श्रीलंकेला निघालेले नातलग आणि शेजारी मला त्यांचा प्रोग्राम दाखवायला आणतात. बहुतेकांच्या कागदावर पहिल्या ओळीत समुद्रकिनारा असतो. मी क्रम फिरवून देते: जुनी शहरं आधी, समुद्र शेवटी. शहरांत चालणं आणि चढणं फार आहे, ते पाय ताजे असतानाच होतं. शिवाय आपण माळव्यातली माणसं. तिथल्या जुन्या बखरी सांगतात की अशोक उज्जैनला असताना त्याला विदिशेच्या देवीपासून महेंद्र आणि संघमित्रा ही मुलं झाली. संघमित्रा बोधिवृक्षाची जी फांदी घेऊन गेली, तिचा वृक्ष अनुराधपूरला आजही उभा आहे. आपण तिथूनच सुरुवात करायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

महिना नीट निवडा. मुलांच्या मे-जूनच्या सुट्टीत जात असाल तर नैऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे दक्षिणेच्या गॉलकडचा समुद्र खवळलेला असतो. तेव्हा पूर्वेचं त्रिंकोमाली धरा. डिसेंबर ते मार्च गॉल उत्तम. दिवाळीच्या सुट्टीत मात्र दोन्हीकडे पाऊस गाठतो, शक्यतो टाळा.

मुंबईला किंवा चेन्नईला विमान बदलून कोलंबोच्या कटुनायके विमानतळावर उतरलात की शहरात शिरूच नका. गाडी थेट अनुराधपूरला घ्या, चार-पाच तास लागतात. श्री महाबोधीपाशी, म्हणजे त्या बोधिवृक्षापाशी, भल्या सकाळी किंवा ऊन उतरल्यावर जा. पांढरे कपडे घातलेल्या बायका ओंजळीत निळी कमळं घेऊन पायऱ्या चढत असतात. वरच्या चौथऱ्यावर सोनेरी कठडा आहे आणि वाकलेल्या फांद्यांना खालून सोनेरी टेकू दिलेले आहेत. तिथे घाई करू नका, भिंतीला टेकून बसा. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, चपला आणि टोपी बाहेर. दुपारी फरशी चटके देते म्हणून मोजे जवळ ठेवा. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढणं तिथे अपमान समजतात, मुलांना आधीच सांगून ठेवा. मिहिंतले तिथून अर्ध्या तासावर आहे. महेंद्र आणि राजा देवानंपिय तिस्स यांची भेट झाली ती ही टेकडी, पायऱ्या सुमारे अठराशे. बऱ्याच पायऱ्या वाचवून गाडी बरीच वर जाते, आजी-आजोबांना तसंच न्या.

दुसरं जुनं शहर पोलोन्नरुव. ते सायकलवर पाहा, भाड्याने सहज मिळते. चोळांच्या काळातलं दगडी शिवमंदिर वाटेतच लागतं. पण खरा वेळ गल विहारासाठी राखा. एकाच कातळात कोरलेल्या चार मूर्ती आहेत, त्यातली निजलेली सुमारे चौदा मीटर लांब. जवळ जाऊन उशी पाहा: डोक्याच्या भाराने दगड किंचित दबल्यासारखा कोरलाय. मग पावलं पाहा. वरच्या पायाची बोटं खालच्या बोटांशी जुळत नाहीत, जराशी मागे आहेत. हे बुद्धाचं महापरिनिर्वाण, म्हणजे देहत्याग आहे, झोप नव्हे, ते या खुणेवरून ओळखतात. बाराव्या शतकातल्या त्या कारागिरापुढे मी हात जोडते.

सिगिरियाच्या कातळगडाला तिकीट खिडकी उघडतानाच पोहोचा, उशीर केला तर अरुंद जिन्यावर उन्हात रांग लागते. पायऱ्या बाराशेच्या आसपास. गुडघे दुखत असतील तर कश्यप राजाच्या खालच्या पाण्याच्या बागा पाहून परता, त्याही पाचव्या शतकातल्याच आहेत. कँडीला एक मुक्काम पुरे, बुद्धाचा दात जपलेल्या दंतमंदिरातली संध्याकाळची पूजा गाठा.

शाकाहारी मंडळींनी एक लक्षात ठेवा. नारळाच्या लाल चटणीत, म्हणजे पोल सांबोलात, आणि कित्येक भाज्यांतही सुक्या मासळीचा चुरा असतो. त्याला उंबलकड म्हणतात. ऑर्डर देतानाच ‘उंबलकड एपा’ म्हणजे ‘नको’ असं सांगा. इडिअप्पम आणि नारळाच्या दुधातली मसूर डाळ पोटभर होते. आमच्याकडे लौंग शेवेचं पाकीट बॅगेत असतंच. पौर्णिमेला, म्हणजे पोयाला, सरकारी सुट्टी असते आणि देवळांत प्रचंड गर्दी. त्या दिवशी लांबचा प्रवास ठेवू नका.

त्रिंकोमालीला गेलात तर कड्यावरच्या कोणेश्वराचं दर्शन घ्या. मूळ देऊळ पोर्तुगीजांनी सतराव्या शतकात पाडलं, आताचं नंतरचं. वाट फ्रेडरिक किल्ल्यातून जाते आणि हरणं अगदी अंगाशी येतात.

गॉलला जाणार असाल तर कोलंबोहून आगगाडीने जा आणि उजव्या खिडकीला बसा, रूळ समुद्राला लागून धावतात. वाटेत पेरालियाला २००४ च्या त्सुनामीचं स्मारक आहे. इथेच प्रवाशांनी भरलेली आगगाडी लाटेने गिळली होती. गॉलचा कोट पोर्तुगीजांनी सुरू केला, डचांनी १६४० मध्ये जिंकून मोठा बांधला. आत आजही लोक राहतात, शाळा आहेत, मशीद आहे. तटावरून पूर्ण फेरी मारा, घाई न करता दीड-दोन तास लागतात. परतीचं विमान रात्रीचं असेल तर दुपारी जेवून एक्सप्रेसवेने निघा, संध्याकाळी आरामात विमानतळावर असाल.