ऑनलाइन पाहिलेली कृती फसते तेव्हा: अनारशाच्या निमित्ताने

अनारसा तुपात सोडताच पसरला आणि विरघळून त्याचा चुरा झाला, तर ‘अनारसा हसला’ असे म्हणतात. गेल्या दिवाळीत एका व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे मी तयार कोरड्या तांदळाच्या पिठात वाटीने मोजून गूळ मिसळला आणि पहिले चारही अनारसे हसले. कृती खोटी होती असे मला वाटत नाही. परंतु सांगणारीची वाटी, तिचे पीठ आणि तिच्या कढईतील तूप वेगळे होते, आणि या गोष्टी पडद्यावर दिसत असल्या तरी तेथून मोजता येत नाहीत. म्हणून कोणतीही कृती हाती घेताना माप, ओलावा आणि आच या तिन्हींचा हिशेब आधी करावा.

सुरुवात मापापासून करावी. परदेशी कृतीतील कप सुमारे २४० मिलिलिटरचा असतो आणि आपली आमटीची वाटी बहुधा त्याहून लहान असते. केकच्या कृतीतील ३५० अंश फॅरनहाइट म्हणजे सुमारे १७५ अंश सेल्सिअस. अनारशासाठी तर वाटी बाजूलाच ठेवावी, कारण दाबून भरलेले ओलसर पीठ आणि चाळून सैल भरलेले पीठ यांच्या वजनात बराच फरक पडतो. वजनकाट्यावर ५०० ग्रॅम जुना जाडा तांदूळ घ्यावा. नवा तांदूळ चिकट होतो.

तांदूळ धुऊन तीन दिवस भिजत ठेवावेत आणि पाणी रोज बदलावे. चौथ्या दिवशी ते निथळून, सुती कापडावर सावलीत पसरावेत. येथे घाई करू नये आणि उशीरही करू नये: मूठभर तांदूळ हातात घेतले असता ते गार व ओलसर लागले पाहिजेत, मात्र तळव्याला पाणी लागता कामा नये. तयार पिठाने माझे अनारसे फसले ते बहुधा या टप्प्यावरच, कारण पीठ अगदी कोरडे असल्याने मी त्यात दूध घातले आणि मिश्रण सैल झाले. तांदूळ मिक्सरमधून बारीक वाटून मैद्याच्या चाळणीने चाळावेत आणि त्यातील वाटीभर पीठ गूळ न घालता फ्रिजमध्ये वेगळे ठेवावे. पुढे तेच उपयोगी पडते.

उरलेल्या पिठात ४०० ग्रॅमपर्यंत किसलेला साधा गूळ (चिक्कीचा नव्हे) थोडा थोडा मिसळावा आणि चमचाभर तूप घालावे. पाणी मुळीच घालू नये, कारण गूळ स्वतःच पाझरतो आणि पिठाला ओलावा देतो. घट्ट गोळे करून ते डब्यात दाबून ठेवावेत; पाच-सहा दिवसांत पीठ मऊ होते.

सगळे अनारसे एकदम थापू नयेत. सुपारीएवढी एकच गोळी खसखशीवर थापून, खसखशीची बाजू वर ठेवून मंद आचेवर तुपात सोडावी, ती उलटू नये, आणि झाऱ्याने वरून गरम तूप उडवत राहावे. त्या एका अनारशावरून पुढचे ठरवावे. तो हसला, तर प्रथम फक्त तूप थोडे अधिक तापवून दुसरा टाकून पाहावा. तोही हसला, तर गूळ जास्त झाला आहे असे समजून वेगळ्या ठेवलेल्या पिठातील एक चमचा पीठ मळून घ्यावे. आच आणि पीठ दोन्ही एकाच वेळी बदलले, तर सुधारणा कशाने झाली हे कळत नाही. अनारसा कडक झाला, तर गूळ कमी पडला आहे. त्या दिवशी तळायच्या पिठापुरते थोडे पिकलेले केळे कुस्करून घातले तरी चालते. जाळी पडली नाही, तर पीठ आणखी दोन दिवस मुरू द्यावे. बाहेरून काळपट आणि आत कच्चा राहिला, तर तूप जास्त तापले आहे.

प्रत्येक चाचणीनंतर वहीत एक ओळ लिहावी: किती पीठ घातले, आच कशी होती, काय झाले. माझ्या वहीत ‘दोन चमचे ओले पीठ, आच थोडी वाढवली, सातवा अनारसा जाळीदार’ अशी नोंद आहे, आणि पुढच्या वेळी तीच माझी कृती झाली, व्हिडिओ लावावा लागला नाही.

तळलेले अनारसे चाळणीत उभे ठेवावेत, म्हणजे जादा तूप निथळते. हसलेल्या अनारशांचा चुरा झाऱ्याने लगेच काढून घ्यावा, नाहीतर तो तळाशी करपून पुढच्या अनारशांना कडवट चव देतो. हा चुरा गरम दुधात घातला की मुले आवडीने खातात.