कोनन ओब्रायन बघायचाय? मग कार्टूनपासून सुरू करा

अमेरिकन कॉमेडियन कोनन ओब्रायनला हल्ली लोक ऑस्करचा होस्ट नाहीतर पॉडकास्टवाला म्हणून ओळखतात, पण हा माणूस मुळात रायटर आहे आणि तेच कळण्यासाठी त्याचे कार्टूनवाले एपिसोड क्रमाने बघायचे. आणि हो, डब केलेलं नको, ओरिजिनल ऑडिओ आणि सबटायटल्स लावा, नाहीतर त्याचा आवाजच जाणार मग बघून काय उपयोग.

आधी त्याच्या टॉक शोची दहा-पंधरा मिनिटांची एखादी जुनी क्लिप बघून घ्या. तो उंच तुरा, मध्येच कमरेला दोरी बांधल्यासारखा नाच, हे डोक्यात बसलं की पुढचं सोपं.

मग द सिम्पसन्स या अमेरिकन कार्टून मालिकेचा सीझन ४, एपिसोड १२, तोच तो मोनोरेलवाला, जानेवारी १९९३ चा. यात कोनन दिसत नाही, त्याने लिहिलाय. गावाकडे ३० लाख डॉलर येतात आणि एक गोडबोल्या येऊन गाणं म्हणत म्हणत सगळ्यांच्या गळ्यात मोनोरेल मारतो. माझ्या मते त्याचं सगळ्यात भारी काम हेच, घाईत बघू नका.

आता सरळ सिम्पसन्सच्याच सीझन ५ चा एपिसोड १२. मध्ये काय झालं तर सप्टेंबर १९९३ मध्ये एनबीसी या अमेरिकन चॅनेलने या जवळजवळ अनोळखी रायटरला आधीचा होस्ट डेव्हिड लेटरमनच्या जागी 'लेट नाइट' या टॉक शोच्या खुर्चीत बसवलं, आणि पाच महिने व्हायच्या आत, फेब्रुवारी १९९४ मध्ये, तो ज्या शोसाठी लिहायचा त्याच शोमध्ये स्वतः म्हणून आला. सिम्पसन्समधला पोरगा बार्ट कोननच्या शोवर पाहुणा आहे, काहीतरी शहाणपणाचं बोलायला बघतो, कोनन त्याच्याकडून त्याचा तेवढा फेमस डायलॉग म्हणवून घेतो आणि वर सांगतो की तू गप बस, नाचायचं फक्त मी. होस्ट लोकांच्या अहंकारावर इतक्या कमी शब्दांत इतका भारी जोक मी तरी बघितला नाही.

शेवटी फ्युचुरामा या भविष्यात घडणाऱ्या कार्टून मालिकेचा डिसेंबर १९९९ चा ख्रिसमस एपिसोड. हा नावाने शोधा, 'एक्समस स्टोरी', कारण फ्युचुरामाच्या सीझनचे नंबर सगळीकडे सारखे नसतात. कोननचं नुसतं डोकं बरणीत, मालिकेतला रोबो बेंडर खाली प्रेक्षकांतून त्याची खिल्ली उडवतोय, कोनन म्हणतो की बाबा माझे लांबलचक पाय गेले पण तुझ्याकडे नाही असा आत्मा माझ्याकडे आहे. बेंडरला ढिम्म फरक पडत नाही. मग कोनन म्हणतो, आणि चेहऱ्यावरचे ठिपके पण! तिथे बेंडर जो रडायला लागतो, तो सीन मी दोनदा मागे घेऊन बघितलाय.