समाजकार्य शिकताना फील्डवर्क आणि त्याच्या नोंदी

समाजकार्याच्या पदवीत समाजशास्त्र, मानसशास्त्र, कायदा, धोरण, संशोधनपद्धती असं बरंच काही असतं. ते वाचून जमतं. विद्यार्थी अडतो तो फील्डवर्कला, म्हणजे संस्थेत आणि वस्तीत प्रत्यक्ष करायच्या कामाला, आणि त्यातही जास्त करून नोंदींपाशी. दिवसभर वस्तीत फिरून आलेला विद्यार्थी रात्री ‘आज गृहभेटी केल्या, समस्या समजून घेतल्या’ एवढंच लिहितो, तेव्हा सुपरवायझरला त्याला शिकवण्यासारखं हाती काहीच लागत नाही. म्हणून या लेखात भर नोंदींवर आहे.

संस्थेतले पहिले दिवस

पहिल्या दोन आठवड्यांत केस हातात घेण्याची घाई करू नका. संस्थेला पैसा कुठून येतो, निर्णय कोण घेतं, कोणाला मदत मिळते आणि कोणाला नियमात बसत नाही म्हणून परत पाठवलं जातं, हे आधी पाहा. परवानगी घेऊन बंद झालेल्या चार-पाच फायली वाचा. सुपरवायझरकडून तीन गोष्टी लेखी मागून घ्या: रेफरलसाठीच्या (माणसाला मदतीसाठी पुढे पाठवायच्या) संस्थांची यादी, तातडीच्या वेळी फोन कोणाला करायचा ते, आणि मुलावर अत्याचार होतोय किंवा कोणी जिवाचं बरंवाईट करून घेण्याच्या विचारात आहे असं कळलं तर पाळायची पद्धत. ही पद्धत प्रसंग आल्यावर शोधायची नसते. गृहभेटीला जाताना कुठे चाललात आणि कधी परत याल, हे संस्थेत सांगून निघा.

पहिली भेट

ओळख खरी करून द्या: मी विद्यार्थी आहे, अमुक महिने इथे आहे, माझं काम सुपरवायझर पाहतात. गोपनीयतेची मर्यादाही सुरुवातीलाच सांगा. ‘तुम्ही सांगाल ते बाहेर जाणार नाही’ हे वाक्य अर्धवट आहे. कोणाच्या जिवाला धोका असेल तर मला सांगावं लागेल, हेही त्यासोबत यायला हवं. हे आधी न सांगता नंतर माहिती पुढे दिली, तर त्या माणसाचा संस्थेवरचाच विश्वास उडतो.

‘का’ने सुरू होणारे प्रश्न शक्यतो टाळा. ‘मुलाला शाळेतून का काढलं?’ यात जाब विचारल्याचा सूर येतो. ‘शाळा सुटली तेव्हा घरात काय चाललं होतं?’ असं विचारलं की माणूस सांगू लागतो. समोरचा गप्प झाला तर लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. बहुतेक वेळा महत्त्वाचं त्या थांब्यानंतर येतं. ‘मी तुमचं काम करून देतो’ असा शब्द मात्र कधीही देऊ नका. ‘मी चौकशी करून पुढच्या भेटीत सांगतो’ एवढंच म्हणा, आणि उत्तर नकारार्थी असलं तरी जाऊन सांगा.

प्रोसेस रेकॉर्डिंग

प्रोसेस रेकॉर्डिंग म्हणजे भेटीतल्या संवादाची क्रमवार नोंद. भेट झाली त्याच दिवशी ती लिहा. झोप झाली की संवादाचा क्रम विस्कटतो आणि आपण नकळत स्वतःला शहाणं करून लिहू लागतो. तासाभराची पूर्ण भेट लिहिण्याची गरज नाही. जिथे बोलणं अडलं, वळलं किंवा तापलं, ती दहा-पंधरा मिनिटं निवडा आणि पानाचे चार रकाने करा. पहिल्यात कोण काय बोललं ते, जमेल तितकं त्यांच्याच शब्दांत. दुसऱ्यात तुम्ही काय पाहिलंत. तिसऱ्यात त्या क्षणी तुम्हाला काय वाटलं आणि तुम्ही तसं का बोललात. चौथा सुपरवायझरसाठी कोरा.

सर्वाधिक चुका दुसऱ्या रकान्यात होतात. ‘आई निष्काळजी आहे’ हे निरीक्षण नाही, तो निकाल आहे. ‘मुलाने दोनदा पाणी मागितलं, आई उठली नाही, भिंतीकडे पाहत राहिली’ हे निरीक्षण. त्यावरून ती निष्काळजी असेल, आजारी असेल किंवा रात्रभर जागी असेल. तिन्ही शक्यता उघड्या राहतात आणि पुढच्या भेटीत काय विचारायचं ते कळतं. निकाल लिहिला की तपास तिथेच थांबतो.

तिसरा रकाना विद्यार्थी रिकामा सोडतात, कारण राग आला, कीव आली, भीती वाटली हे लिहायला संकोच वाटतो. शिकण्याची जागा मात्र तीच आहे. फेलिक्स बिएस्टेक यांनी १९५७ मध्ये समाजकार्यकर्ता आणि मदत घेणारा माणूस यांच्यातल्या नात्यासाठी मांडलेल्या सात तत्त्वांत नियंत्रित भावनिक सहभाग हे एक आहे. भावना ओळखताच आली नाही, तर नियंत्रण कशावर ठेवणार? सिद्धान्ताची सांगडही इथेच घाला. अहवालाच्या शेवटी सातही तत्त्वांची यादी चिकटवण्यापेक्षा, एका वाक्यापाशी एक तत्त्व पाळलं गेलं की मोडलं, हे लिहा.

नावं बदला, पत्ता आणि फोन क्रमांक नोंदीत आणू नका, आणि फाइल वर्गमित्रांच्या ग्रुपवर टाकू नका.

दोन आकृत्या

जेनोग्राममध्ये, म्हणजे कुटुंबवृक्षाच्या आकृतीत, तीन पिढ्या घ्या: पुरुषाला चौकोन, स्त्रीला वर्तुळ, मृत व्यक्तीच्या चिन्हावर फुली. इकोमॅप (कुटुंबाचे बाहेरच्या जगाशी असलेले संबंध दाखवणारा नकाशा) ही अ‍ॅन हार्टमन यांची १९७५ची देणगी. मध्यभागी कुटुंबाचं वर्तुळ, भोवती शाळा, दवाखाना, नोकरी, नातेवाईक, शेजार. नातं घट्ट असेल तर जाड रेघ, विरळ असेल तर तुटक, ताणाचं असेल तर आडव्या काट्यांची. हा नकाशा घरी बसून काढू नका, त्या माणसासोबत काढा. ‘शेजारणीची रेघ कशी काढू?’ या प्रश्नावर जे ऐकायला मिळतं, ते थेट चौकशीत निघत नाही.

वस्तीत काम करताना

वस्ती सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी अशी तिन्ही वेळा फिरा. सामाजिक नकाशा, म्हणजे वस्तीतली घरं आणि सोयी दाखवणारा नकाशा, लोकांनाच जमिनीवर काढू द्या. इथे एक गोष्ट हमखास बिघडते: जे पुढे येऊन खडू हातात घेतात, त्यांचीच वस्ती कागदावर उतरते. बायकांचा, म्हाताऱ्यांचा, अपंगांचा, भाडेकरूंचा नकाशा वेगवेगळा करून घ्या आणि फरक कुठे पडतो ते पाहा. शेरी अर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाच्या आठ पायऱ्या सांगितल्या; वर जावं तसा निर्णयातला लोकांचा वाटा वाढतो. आपली बैठक त्यातल्या कोणत्या पायरीवर होती, हे प्रत्येक बैठकीनंतर प्रामाणिकपणे लिहा. कार्यक्रम आधी ठरवून लोकांना नुसतं बसायला बोलावलं, तर ती खालची पायरी आहे, गर्दी कितीही असो. मुद्दा निवडताना तो लोकांचा आहे ना आणि तुमच्या मुदतीत त्यातलं काही तडीस जाईल ना, हे दोन्ही तपासा.

सुपरवायझर आणि निरोप

नोंदी चर्चेच्या दोन दिवस आधी द्या, सोबत तुमचे दोन-तीन प्रश्न. केस ऐकून स्वतःच्या जुन्या जखमा उघडल्या, झोप उडाली, तर तेही सुपरवायझरला सांगा. ते लपवलं की त्याचा परिणाम समोरच्या माणसावर होतो.

मुदत संपायच्या चार-पाच आठवडे आधी लोकांना तारीख सांगा आणि उरलेल्या प्रत्येक भेटीत तिची आठवण द्या. स्वतःचा वैयक्तिक नंबर ‘कधीही फोन करा’ म्हणून देऊ नका. शक्य असेल तर पुढच्या कार्यकर्त्याची ओळख शेवटच्या भेटीआधीच समोरासमोर करून द्या. फाइलमध्ये एक पान वेगळं ठेवा: आजवर काय झालं, कोणते अर्ज कुठे प्रलंबित आहेत, पुढची तारीख कोणती, आणि त्या माणसाला स्वतःला पुढे काय हवं आहे. हे पान त्याला वाचून दाखवा आणि तो सांगेल त्या दुरुस्त्या करूनच फाइल संस्थेकडे द्या.